धाकट्याच्या नावावरचं घर

मी स्वतः खिडकीच्या आत बसणारी बाई आहे. कारागांदा शहराच्या सरकारी दवाखान्यात नोंदणीची खिडकी माझी. "डॉक्टर आज नाहीत, उद्या या", "यावर शिक्का नाही, चालणार नाही", "आरडाओरडा करून नंबर पुढे येत नाही" हे बोलायचाच मला पगार मिळतो. बाहेरची माणसं चिडायची तेव्हा मला मनातून जरा हसूच यायचं. या वर्षी मी बाहेर उभी राहिले आणि ते हसू पार जिरलं.

बँकेतला पोरगा टाय लावून बसला होता. मिशी अजून नीट फुटलेली नव्हती, पण बोलणं मात्र मंत्र्याचं.

"आपा, तुमचा अर्ज बसत नाही."

"बसत नाही म्हणजे? उभा राहतो का?"

तो हसला नाही. "ही सवलतीची योजना ज्यांना स्वतःचं घर नाही त्यांच्यासाठी आहे. तुमच्या मिस्टरांच्या नावावर घर आहे."

"अरे बाळा, घर असतं तर मी सकाळपासून इथे काय झक मारायला उभी आहे?"

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. झोमार्तचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव, खाली गावाचं नाव, आणि पुढे लिहिलेलं: राहतं घर, एक. मी झोमार्तकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता. त्याला बाजारातून काही आणायला सांगितलं आणि तो विसरला की असाच पाहतो.

आता हे कर्ज म्हणजे काय ते सांगते, म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड का झाला ते कळेल. या बँकेत आम्ही लग्न झाल्यापासून थोडे थोडे पैसे साठवत आलो होतो. ठरावीक रक्कम जमली की सरकार घराला कर्ज देतं. व्याज अगदी कमी, आणि ते शेवटच्या हप्त्यापर्यंत तेवढंच. मधेच बँकेच्या मनात आलं म्हणून वाढवता येत नाही. बाकीच्या बँकांचं व्याज ऐकूनच माणूस घरी जाऊन झोपतो. शहरातल्या मायकुदुक भागात एका नव्या इमारतीत दोन खोल्यांचं घर आम्ही बघून ठेवलं होतं. झोमार्त लिफ्टचं काम करतो, त्या इमारतीच्या लिफ्ट त्यानंच बसवल्या होत्या. बांधणाऱ्यानं नवीन वर्षापर्यंत घर आमच्यासाठी राखून ठेवतो म्हटलं होतं. आणि नवीन वर्षापर्यंतच आमची मालकीणबाई आम्हाला ठेवणार होती, कारण तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. दोन मुली, शाळा, उणे तीसची थंडी, आणि डोक्यावर छप्पर कुणाचं याचा पत्ता नाही.

"झोमार्त, हे कुठलं घर?" मी विचारलं, खरं तर मला माहीत होतं.

"बाबांचं," तो म्हणाला.

माझे सासरे कार्करालीच्याही पलीकडच्या गावात राहतात. आमच्यात थोरले मुलगे लग्न झालं की वेगळे होतात, आणि बापाचं घर, बापाची चूल धाकट्याकडे राहते. धाकट्यानं म्हाताऱ्यांना सांभाळायचं आणि शेवटी त्यांचं मयतही धाकट्याच्याच घरातून उठायचं. झोमार्त धाकटा. आमच्या लग्नात सासऱ्यांनी साऱ्या गावासमोर त्याला जवळ घेऊन सांगितलं होतं, "हे घर आजपासून तुझं." नुसतं सांगून थांबले नाहीत. गावातल्या दोन भावांची घरावरून झालेली हाणामारी त्यांनी पाहिली होती, म्हणून तालुक्याला जाऊन रीतसर कागदही केला. घर मातीच्या विटांचं, तीन खोल्यांचं. गावातली शाळा बंद पडलेली. तिथून मी दवाखान्यात कामाला यायचं ठरवलं तर पोचेपर्यंत खिडकी बंद करायची वेळ होईल.

"हे बघ," मी त्या पोराला म्हटलं, "तिथे एक म्हातारा आणि चार घोडे राहतात. ते आमचं घर नाही."

"यंत्रात आहे, आपा."

यंत्रात आहे! मीही लोकांना रोज हेच सांगते. त्या दिवशी मला कळलं की हे ऐकणाऱ्याला खिडकीची काच फोडावीशी वाटते.

त्याच दालनात कोपऱ्यात एक टेबल होतं. वर पाटी: 'घर घेणाऱ्यांसाठी मोफत सल्ला. आधी विचारा, मग सही करा.' टेबलामागे एक वयस्क बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, थर्मासमधला चहा पीत बसलेली. समोरची खुर्ची रिकामी.

"चल, हिला विचारू," मी म्हटलं.

झोमार्तनं माझा दंड धरला. "घरातली गोष्ट परक्या बाईला कशाला सांगायची? आणि फुकट बसलीये म्हणजे तिला काय कळत असणार? एलामानला विचारतो ना मी."

मी भांडले असते. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे सगळ्यांची हीच रीत. कुठलंही काम असो, आपला माणूस शोधायचा. दवाखान्यात नंबर हवा असला की लोक रांगेत उभे राहत नाहीत, मला फोन करतात. "काम्शात, जरा बघ ना." मग घराच्या कामाला आम्ही कुणाला फोन करणार? आपल्याच माणसाला.

एलामान हा झोमार्तचा चुलतभाऊ. जुन्या गाड्या विकतो. दोन फोन बाळगतो आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलतो. संध्याकाळी तो आला, मी तळलेले बाउरसाक, म्हणजे कणकेचे फुगलेले गोळे, परातभर खाल्ले आणि हात पुसत म्हणाला, "एवढंच ना? त्यात काय रडायचं? घर परत काकांच्या नावावर करून टाक. एक सही. तुझ्या नावावर घर नाही, अर्ज पास, विषय संपला."

"नक्की?" मी विचारलं.

"वहिनी, मी कधी चुकीचं सांगितलंय का?"

त्यानंच आम्हाला विकलेली गाडी तेव्हा खाली अंगणात चाकं काढून विटांवर उभी होती. तरी आम्ही मान डोलावली. माणूस अडला की कुणाचंही पटतं.

गावाला गेलो ते ऑगस्टमधे, आमच्याकडचा उन्हाळा सरता सरता. सासरे फाटकाशीच उभे होते. मुलींना उचलून घेतलं, त्यांच्या खिशात सुकवलेल्या दह्याचे खडे कोंबले. माझ्या डोक्यावर ओठ टेकवून म्हणाले, "आलीस केलिन? शहरानं वाळवलंय की गं तुला." केलिन म्हणजे सून. मला ते नावानं कधी हाक मारत नाहीत आणि मी त्यांचं नाव तोंडातून काढत नाही, तशी पद्धतच आहे.

चहाला बसलो. मी ओतत होते. झोमार्तनं रस्ताभर पाठ केलेलं एकही वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. हवा, गवत, घोडीचं शिंगरू, कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, सगळं बोलून झालं. मी त्याला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, "बाबा, या वर्षी पाऊस बरा झाला नाही का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागात मी सासऱ्यांचा पेला काठोकाठ भरला.

आमच्यात चहाचा पेला अर्धाच भरतात. भरून देणं म्हणजे "उठा आता" म्हणणं. त्यांच्याच घरात, त्यांच्याच चुलीपाशी, सुनेनं त्यांना भरलेला पेला दिला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोल," ते म्हणाले. "तुझ्याच मनात काहीतरी आहे."

आणि मी बोलले. सुनेनं बोलायचं नसतं ते सगळं बोलले. कर्ज, बँक, यंत्रातलं नाव, मालकीणबाईच्या मुलाचं लग्न. "फक्त कागदावर, बाबा. घर तुमचंच, मुलगा तुमचाच. फक्त कागदावर परत घ्या."

"कागदावर नको, मग कशावर हवंय?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग झोमार्तकडे वळले. "घरात काही खोट आहे का रे?"

झोमार्तच्या तोंडात मिठाची गुळणी. त्यानं तेव्हा दोन शब्द बोलायला हवे होते. तो बोलला नाही म्हणून मीच पुन्हा तोंड उघडलं.

"खोट? बाबा, भिंतीला हात घालता येईल एवढे तडे गेलेत. छप्पर गळतंय, वसंतात बर्फ वितळला की घमेली मांडून बसता तुम्ही. आणि या असल्या घरापायी माझ्या पोरींना घर मिळत नाहीये!"

सासऱ्यांनी तो भरलेला पेला उचलला, सगळा चहा प्याले, पेला उपडा घातला आणि घोडे बघायला बाहेर गेले. जेवायच्या वेळीही आले नाहीत. मी झोमार्तला म्हटलं, "तुझं तोंड काय लिफ्टमधे अडकलं होतं?" तो म्हणाला, "तू बोललीसच की सगळं." ती रात्र आम्ही एकमेकांकडे पाठ करून काढली.

सकाळी बघते तर सासरे तयार. ईदची टोपी, इस्त्री केलेला कोट, बूट पुसलेले. "चला," म्हणाले, "ऑफिस जेवणाआधी बंद होतं."

तालुक्याच्या नोटरीकडे एक तरणी पोरगी होती. तिनं मला विचारलं, "घर कुणाला द्यायचंय? पूर्ण नाव सांगा." मी गप्प. तिनं पुन्हा विचारलं. मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "अहो, मुक्या आहात का?" ती म्हणाली. सासऱ्यांनी स्वतःच नाव सांगितलं, आणि वर म्हणाले, "ती माझं नाव घेत नाही. मान ठेवते." ते टोमणा मारत होते की खरंच म्हणत होते, मला आजही कळलेलं नाही. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

सही करण्याआधी त्यांनी त्या मुलीला विचारलं, "यात काय लिहिलंय? मुलानं बापाला घर परत दिलं, असंच ना?"

"भेट म्हणून दिलं, असं लिहिलंय, आजोबा."

"भेट," ते म्हणाले. "बरं आहे." आणि सही केली.

आम्ही शहरात परतलो. नोंद व्हायला, यंत्रात नाव बदलायला, आमच्या सुट्ट्या जुळायला ऑक्टोबर उजाडला. सासऱ्यांना मी दर आठवड्याला फोन करायचे. ते घाईत असायचे. "कामात आहे, केलिन. नंतर." मला वाटायचं, राग आहे. असणारच. कर्ज झालं की सगळं समजावू, नव्या घरी आणू, पहिला घास त्यांच्या हातानं घेऊ, असं मी स्वतःला सांगत राहिले.

त्याच टायवाल्या पोरापुढे आम्ही पुन्हा बसलो. त्यानं बटणं दाबली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. खिडकीत बसणाऱ्या माणसाचं तोंड मला वाचता येतं. त्याच्या ओठांचा कोपरा हलला आणि मला कळलं.

"काय आता?"

"आपा, तुम्ही घर ऑगस्टमधे दिलंत."

"हो. म्हणजे आता नाहीये. बघ ना यंत्रात!"

"गेल्या पाच वर्षांत घर विकलं किंवा कुणाला दिलं असेल तर ते तुमच्याकडे आहे असंच धरतात. नाहीतर सगळेच देऊन टाकतील ना. तसा नियम आहे."

"मग तू गेल्या वेळी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मी एवढ्या जोरात उठले की खुर्ची मागे पडली. सगळं दालन आमच्याकडे बघायला लागलं. मी काय काय बोलले ते सांगत नाही, माझ्या मुली हे वाचतील. झोमार्त "जाऊ दे, चल" करत होता. ते ऐकून मी त्याच्यावर उलटले. "जाऊ दे? त्या म्हाताऱ्याला ईदची टोपी घालून कचेरीत नेलं ते काय जाऊ देण्यासाठी? घे, तुझ्या एलामानला फोन लाव!"

लावला. एलामान म्हणाला, "असं झालं? कमाल आहे. नियम बदलला असेल." आणि लगेच, "वहिनी, काळजी नको. दुसरी बँक आहे, माझा मित्र आहे तिथे. कागद पाठवतो, फक्त सही करा."

कागद आला फोनवर. तो घेऊन मी सरळ कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले. झोमार्तनं या वेळी दंड धरला नाही.

बाईंचं नाव इर्मा गेन्रिखोव्ना. माझं सगळं चऱ्हाट त्यांनी मधे न बोलता ऐकलं, थर्मासच्या झाकणात मला चहा दिला, आणि आधी एलामानच्या मित्राचा कागद बघितला.

"याच्यावर सही केलीत?"

"नाही."

"मग करू नका. हा विमा त्यांनी तुमच्या गळ्यात बांधलाय, तो घ्यायची सक्ती त्यांना करता येत नाही. हा वरखर्च व्याजात मिळवून एकूण कर्ज कितीला पडतं ते पहिल्या पानावर लिहायला हवं, इथे ते कुठेच नाही. आणि तुमच्या दोघांच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त हप्ता होतोय, एवढं कर्ज त्यांना देताच येत नाही. तक्रार करायची असेल तर मी लिहून देते. फुकट."

फुकट हा शब्द त्या सहज बोलल्या. मला मात्र तो चांगलाच लागला.

"आणि आमचं घराचं?"

"तुम्ही ते देण्याआधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात टोचणी नव्हती, म्हणून जास्तच टोचलं. "गावातलं घर कशा स्थितीत आहे?"

मी तडे सांगितले, छप्पर सांगितलं, घमेली सांगितली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मग सोपं होतं. तालुक्याची समिती येते, घर बघते. राहण्यालायक नाही असा दाखला दिला की ते घर घरात धरत नाहीत. नाव बदलायची गरजच नव्हती."

मी झोमार्तकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या क्षणी मला त्याचा राग आला की कीव, मला सांगता येत नाही.

"अजूनही वेळ आहे," बाई म्हणाल्या. "पडकं घर देऊन टाकलं तर घर दिलं असं धरत नाहीत. दाखला आणा, मी अर्ज पुन्हा घालते. अर्ज मात्र मालकाच्या नावानं जाईल. म्हणजे वडिलांच्या."

त्यांनी तिथेच बसून अर्ज भरला. झोमार्तनं बाबांना फोन केला. "बाबा, तुमच्या फोनवर आकडे येतील, ते सांगा. सरकारी माणसं घर बघायला येणार आहेत." कशाला, ते त्यानं सांगितलं नाही. तुमचं घर माणसांनी राहण्याच्या लायकीचं नाही असं लिहून घ्यायचंय, हे बापाला फोनवर कसं सांगायचं? मीही सांग म्हटलं नाही. या वेळी माझंही तोंड उघडेना.

"घर बघायला?" सासऱ्यांचा आवाज मला पलीकडून ऐकू आला. "येऊ दे की! तुम्हीपण या. सगळे या!" कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज इतका मोकळा होता. मी झोमार्तला म्हटलं, "बघ, राग गेला त्यांचा." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी कुणावर ओरडले नाही. एका आजीला तर रांग मोडून आत सोडलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलो. बर्फ पडून गोठलं होतं. एलामानची विटांवरची गाडी अजून आमच्या अंगणातच होती, आम्ही भाड्याच्या गाडीनं गेलो. गावात शिरलो आणि मला वाटलं चालकानं गल्ली चुकवली. कोपऱ्यावर निळ्या पत्र्याचं छप्पर चमकत होतं.

"कुणी घेतलं रे हे घर?" मी विचारलं.

फाटकात सासरे उभे होते. हात चुन्यानं पांढरे.

समितीची माणसं आमच्या आधीच आली होती. दोन पुरुष आणि एक अभियंता बाई, जाड बुटांत. सासरे तिला हाताला धरून भिंतीभिंतीशी नेत होते, नव्या जावयाला दाखवावं तसं. "इथे तडा होता बघा. हात जायचा! आता बोट घालून दाखवा. नाही ना जात? पाया उकरून खाली सिमेंट घातलंय. आणि हे छप्पर, एक थेंब येणार नाही. खिडक्या बघा, दुहेरी काच. चूल नवी बांधलीय, रात्रभर ऊब राहते. चला, हात लावून बघा."

बाईनं भिंतीवर हातोडी वाजवली. ठणठणीत. ती वाकून पाया बघून आली, पोटमाळ्यावर चढून आली. पुरुष चुलीपाशी उभे राहून हात शेकत होते.

मी अंगण ओलांडून तबेल्याशी गेले. चार घोड्यांच्या जागी एकच घोडी होती, म्हातारी.

"विकले," माझ्या मागे येऊन सासरे म्हणाले. "म्हाताऱ्याला घोडे काय करायचेत? उपयोगाला आले." आणि हसले. दात सगळे दिसले. "तू बरं झालं तोंडावर बोललीस, केलिन. माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं. रोजचं झालं की दिसत नाही. असल्या घरात तुम्ही पोरींना घेऊन कसे येणार? मुलगा परत करणारच ना असलं घर."

मला काहीतरी बोलायचं होतं. बाबा, ते तसं नव्हतं हो. पण मीच तसं बोलले होते, त्याच शब्दांत, त्याच चुलीपाशी.

आत मटण शिजलं होतं. समितीला सोडतील ते सासरे कसले. सगळे बसले, खाल्लं, तारीफ झाली. अभियंता बाई निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अर्जात पडकं घर लिहिलंय. काही घोटाळा झालाय का? शहरात लोक अशा घरासाठी हात जोडतील. मला राहण्यायोग्य असंच लिहावं लागेल."

मी झोमार्तकडे पाहिलं. तो दारात उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. आता बोल, मी मनात ओरडले, एकदा तरी बोल. पण तो काय बोलणार होता? तडे गेले होते खरे, आणि आता नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "घोटाळा नाही. लिहा तुम्ही."

त्यांची गाडी बर्फात दिसेनाशी झाली. मुली नव्या चुलीपाशी अंग शेकत गाणं म्हणत होत्या. सासऱ्यांनी हात धुतले, कोट चढवला, कपाटातून एक पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. घराचे कागद. झोमार्तला दिले नाहीत, मला दिले.

"आता तर छप्पर गळत नाही, केलिन," ते म्हणाले. "आता घेईल ना तो परत नावावर?"

समितीच्या कागदानं आम्ही त्या योजनेतून पाच वर्षं बाद झालोच होतो, नावावर घेतलं की कायमचे बाद. नवीन वर्षाला जेमतेम दोन महिने. मायकुदुकमधलं ते दोन खोल्यांचं घर, ज्याच्या लिफ्टमधे झोमार्तनं मला सगळ्यात आधी वर नेऊन आणलं होतं, ते दुसऱ्या कुणाचं. झोमार्तला हे माहीत होतं, मला माहीत होतं. म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घेईल, बाबा," मी म्हणाले. "उद्याच जाऊ कचेरीत."

झोमार्तनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.